गणनेआधी एकदा तलाव पायी फिरून बघा : पाणपक्षी मोजायला निघणाऱ्या विदर्भातल्या पक्षिमित्रांना खुले पत्र

पक्षिमित्रहो,

सप्रेम नमस्कार.

जानेवारी तोंडावर आला की आशियाई पाणपक्षी गणनेच्या तारखा जाहीर होतात, व्हॉट्सअॅपवर तलावांच्या याद्या फिरू लागतात आणि कोणी कुठे जायचं हे बहुतेक वेळा आदल्या एक-दोन रात्रींत ठरतं. मग रविवारी पहाटे नागपूर, भंडारा, गोंदियाहून गाड्या निघतात. थंडीत कुडकुडत, पदरचं पेट्रोल जाळून, कोणी एक पैसा देत नसताना तुम्ही पक्षी मोजायला येता, याचं मला मनापासून कौतुक आहे. तुम्ही आला नसतात तर आमच्या भागातल्या कितीतरी तलावांची नोंद कुठल्याच कागदावर झाली नसती. म्हणूनच तुमच्याकडे एक मागणं मागायचा हक्क मला वाटतो. मोजायला जाल तो तलाव त्याच दिवशी पहिल्यांदा बघू नका. डिसेंबरात एकदा या, तलावाला पायी फेरी मारा, पाळीवर म्हणजे तलावाच्या बांधावर भेटेल त्या माणसाशी बोला आणि कुठे उभं राहून मोजायचं ते ठरवून जा.

हे मागणं छोटं आहे, पण ते पाळलं जात नाही. आणि ते पाळलं गेलं नाही तर जानेवारीत आपण जो आकडा लिहितो तो तलावाचा आकडा राहत नाही, गाडी जिथवर पोचली तिथवरचा आकडा होतो.

हा आकडा पुढे कुठे जातो ते आपण सगळे जाणतो, तरी एकदा लिहितो. जगभरात पाणपक्ष्यांची हिवाळी गणना १९६७ पासून सुरू आहे आणि आपल्या उपखंडात ती १९८७ पासून होते. एखादी पाणथळ जागा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, घ्यायची की नाही, हे ठरवताना दोन निकष थेट पक्ष्यांच्या संख्येवर उभे आहेत : तिथे नियमितपणे वीस हजार किंवा त्याहून जास्त पाणपक्षी असणं, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी किमान एक टक्का पक्षी त्या एका जागी असणं. नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं, त्यामागेही अनेक वर्षं तिथे जाऊन पक्षी मोजणाऱ्या लोकांच्या नोंदी होत्या.

आमच्या गोंदिया-भंडाऱ्याच्या मामा तलावांचं दुखणं वेगळं आहे. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले जुने तलाव, ते मामा तलाव. पूर्व विदर्भात असे सहा हजारांवर तलाव आहेत, त्यांतले कित्येक कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळात बांधलेले. १९५० नंतर मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. हे सगळे धानाच्या ओलितासाठी बांधलेले तलाव. आणि २०१७ च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय पाणथळ जागेच्या व्याख्येतूनच वगळले आहेत. तीनशे वर्षं जिथे कमळं फुलली, अडई आणि काणूक ही इथली बदकं राहिली, हिवाळ्यात उत्तरेकडची बदकं उतरली, तो तलाव या नियमांच्या लेखी पाणथळ नाही. अशा तलावाची बाजू मांडायची वेळ आली तर हातात काय असतं? वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने घेतलेली पक्ष्यांची नोंद. सारसाचं उदाहरण आपल्यासमोर आहे. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः गोंदियात. त्याची मोजणी दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी नेमाने होत आली, संख्या घसरते आहे हे त्यामुळे कळलं, आणि २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. नोंदच नसती तर कोणी कशाची दखल घेतली असती?

आता तलावाकडे येतो, कारण खरं बोलायचं आहे ते तिथलं.

मामा तलावाला एका बाजूला मातीची पाळ असते. पाळीवर जुनी झाडं, एखादं देऊळ, धुणी धुवायचा घाट. डांबरी किंवा मुरमाचा रस्ता येतो तो इथवरच. गाडी पाळीजवळ लागते, ट्रायपॉड पाळीवर उभा राहतो, दुर्बीण पाण्यावर फिरते आणि तासाभरात यादी तयार होते. पण पाळीची बाजू ही तलावाची खोल बाजू. तिथे तुम्हाला पाणकावळे दिसतात, टिबुकल्या दिसतात, बुडी मारून खाणाऱ्या लालसऱ्या मध्यावर दिसतात. पाळीच्या समोरची बाजू उथळ असते. तिथे पाणी हळूहळू जमिनीवर पसरत जातं, देवधान म्हणजे रानटी धान आणि गवत उभं असतं, आणि जसजसं पाणी उतरतं तसतसा चिखलाचा पट्टा उघडा पडतो. शेकाटे, तुतवार, पाणलावे, धोबी, चक्रांग, भुवई बदकं, कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या, हा सगळा कारभार त्या बाजूला चालतो. पाळीवरून तो पट्टा अर्धा-पाऊण किलोमीटर लांब असतो आणि मध्ये बेशरमाच्या झुडपांची जाळी वाढलेली असते. पाळीवरून मोजणाऱ्याला तिथला पक्षी दिसतच नाही. त्याच्या यादीत मग चिखलातले पक्षी नसतात आणि वर निष्कर्ष निघतो, की या तलावावर चिखलपक्षी येत नाहीत.

त्या बाजूला पोचायची वाट असते, पण ती गुगलच्या नकाशात नसते. धानाच्या बांध्यांतून, धुऱ्याधुऱ्याने म्हणजे बांधाबांधाने जावं लागतं. जानेवारीच्या त्या एका सकाळी, सहा तलाव उरकायचे असताना, ही वाट कोणी शोधत बसत नाही. म्हणून ती आधी शोधायची. डिसेंबरात भारी धानाचीही कापणी आटोपलेली असते, बांध्या कोरड्या झालेल्या असतात, चुरणे म्हणजे धानाची मळणी चालू असते. वाट विचारायला माणसं शेतात भेटतात.

आणि माणसं भेटली पाहिजेतच. तलावावरचं सगळ्यात पक्कं ज्ञान ढिवरांकडे आहे. मासेमारी संस्थेचे सभासद असतात, पहाटे पाण्यात उतरतात, कुठे गाळ आहे, कुठे झरा आहे, कुठल्या कोपऱ्यात पाणवनस्पती दाट आहेत हे त्यांच्या पायांना माहीत असतं. मागे एका तलावावर आम्ही पाळीवर उभे राहून रिकामं पाणी बघत होतो. पाच-सहा बगळे आणि एक खंड्या सोडला तर काही नाही. शेजारी एक म्हातारबुवा जाळ्याची फाटकी दोरं ओवत बसले होते. आमच्याकडे न बघताच म्हणाले, "काल जाळं ओढलं ना जी. आज कायले बसतीन ते इथं? त्या मांगच्या बोडीत गेले असतीन." मागची बोडी म्हणजे जेमतेम चार-पाच एकरांचं पाणी, आमच्या यादीत तिचं नावही नव्हतं. पळसाच्या आडून हळूच डोकावलं तर बोडीत तलवार बदकं इतकी दाटीने बसली होती, की मधलं पाणी दिसत नव्हतं. नराच्या मानेवरची ती पांढरी रेघ, पाण्यात शेपट्या वर करून चाललेलं त्यांचं चरणं, आणि दोन-चार पक्षी सतत मान ताठ करून पहाऱ्यावर. आम्ही म्हातारबुवांशी बोललो नसतो तर त्या तलावासमोर जवळजवळ शून्य लिहून निघालो असतो.

जाळं कधी ओढणार, शिंगाडा अजून पाण्यात आहे की काढून झाला, तुडूम (पाळीतून पाणी सोडायचं दार) उघडलं आहे का, उन्हाळी धानाला यंदा पाणी सोडणार आहेत का : हे चार प्रश्न डिसेंबरात विचारले तर जानेवारीच्या निम्म्या आश्चर्यांचा उलगडा आधीच होतो. शिंगाड्याच्या तलावात तोडणी चालू असेल तर दिवसभर डोंग्यांची ये-जा असते आणि बदकं टिकत नाहीत. वेल निघाले की तोच तलाव पंधरा दिवसांत पक्ष्यांनी भरतो. पाऊस उशिरापर्यंत लांबला आणि तलाव काठोकाठ असला तर चिखलाचा पट्टा जानेवारीतही पाण्याखालीच असतो. याउलट सप्टेंबर-ऑक्टोबरात ताण पडला तर धान वाचवायला पाणी आधीच सोडलेलं असतं, आणि उथळ तलावात जानेवारीत गुडघाभर पाणी उरतं. शेजारशेजारच्या दोन वर्षांचे आकडे दुपटीने वेगळे येतात त्याचं कारण कित्येकदा सैबेरियात नसतं, तुडुमात असतं. पाण्याची पातळी न लिहिता नुसती पक्ष्यांची संख्या लिहिली तर हे कारण कायमचं हरवतं. गणनेच्या अर्जात पाण्याच्या स्थितीचा रकाना असतो. तो आपण सगळ्यात घाईने भरतो.

उभं राहायची जागा ठरवणं हे पाहणीचं मुख्य काम. सकाळी सूर्य पाठीशी हवा, म्हणजे शक्यतो तलावाच्या पूर्व काठावर उभं राहायला हवं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पाळ पश्चिमेला असली की नेमकी गाडी पश्चिमेला लागते आणि समोर चकाकतं पाणी आणि त्यावर काळे ठिपके एवढंच उरतं. अशा उजेडात वारकरी (काळा पाणपक्षी) आणि लालसरी बदक यांत फरक करणं चांगल्या चांगल्यांना जमत नाही. सूर्य मागे असेल तर मोठ्या लालसरीच्या नराचं केशरी डोकं आणि लाल चोच खूप लांबून ओळखू येते, मादीचा फिकट गाल दिसतो, वारकऱ्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा चमकतो. दोघं एकाच घोळक्यात चरत असतात, कारण दोघांनाही पाण्याखालच्या वनस्पती हव्या असतात. उलट्या उजेडात मोजलं तर पाचशे वारकऱ्यांतल्या दीडशे लालसऱ्या कागदावर येतच नाहीत, किंवा पाचशेही लालसऱ्या होऊन बसतात.

धुक्याचंही तसंच. आमच्याकडे जानेवारीत कित्येक सकाळी आठ-साडेआठपर्यंत तलाव पांढरा असतो. सहा वाजता पोचून काही उपयोग नाही. कुठल्या तलावावर धुकं उशिरा विरतं ते गावकरी सांगतात, तो तलाव शेवटी ठेवायचा.

मोठा थवा मोजायचा सराव डिसेंबरातच करावा. थव्यातले पन्नास पक्षी एक-एक करून मोजा, दुर्बिणीच्या चौकटीत ते किती जागा घेतात ते डोळ्यात ठेवा आणि मग तसे किती तुकडे होतात ते मोजा. तिथेच अंदाज लिहा. मग एक स्वच्छ फोटो काढा आणि घरी जाऊन ठिपका ठिपका मोजून ताडा. थवा मोठा असला की बहुतेकांचा अंदाज कमी येतो. आपला अंदाज कुठल्या बाजूला आणि किती चुकतो हे एकदा कळलं की जानेवारीत हात सावध होतो. बरोबर दोघं असाल तर आकडे एकमेकांना न सांगता लिहा.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या भागात फार महत्त्वाची आहे. इथे तलाव एकटा नसतो. एका तलावाच्या दोन-चार किलोमीटरच्या आत दुसरा असतो, मध्ये बोड्या असतात. पक्षी या सगळ्यांना मिळून एकच पाणी समजतात. एका तलावावर कोणी पाळीवर चढलं की थवा उठतो आणि पलीकडच्या तलावावर जाऊन बसतो. तुमची गाडी तासाभराने तिथे पोचते आणि तेच पक्षी दुसऱ्यांदा मोजले जातात. किंवा उलट घडतं, तुम्ही पहिल्या तलावावर असताना दुसऱ्यावरचा थवा तुमच्या मागे येऊन बसतो आणि कोणाच्याच यादीत येत नाही. अडईचं तर रात्रीचं चरणं बांध्यांत आणि दिवसाची झोप तलावात, त्यामुळे पहाटेच्या अंधारात आणि उजाडल्यावर एकाच तलावाचे दोन आकडे निघतात. डिसेंबरच्या पाहणीत थवे उठून कुठल्या दिशेला जातात तेवढं जरी टिपलं, तरी कुठले तलाव एकाच सकाळी, एकाच वेळेला, वेगवेगळ्या गटांनी मोजायला हवेत ते ठरवता येतं. थवा उडाला तर वेळ आणि दिशा लिहायची, मग संध्याकाळी दोन गटांच्या वह्या शेजारी ठेवल्या की दुबार मोजणी पकडता येते.

तलावाच्या नावाबद्दलही एकदा खात्री करून घ्या. एकाच तलावाला गावकऱ्यांचं एक नाव, सात-बाऱ्यावर दुसरं आणि गणनेच्या जुन्या यादीत तिसरं, असं सर्रास आहे. शिवाय 'मोठा तलाव' नावाचे तलाव प्रत्येक दुसऱ्या गावात. अक्षांश-रेखांश आणि गावाचं नाव लिहिलं नाही तर पाच वर्षांनी कोणालाच कळणार नाही, की हा आकडा नेमका कुठला. उभं राहण्याची जागाही तशीच लिहा : देवळाच्या मागे, सांड्याजवळ (जादा पाणी वाहून जातं तिथे), उत्तरेच्या कोपऱ्यातल्या अर्जुनाखाली. पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरं कोणी आलं तर तेही तिथेच उभं राहील.

काही तलावांवर तुम्हाला काहीच मिळणार नाही. ते शून्यही कृपा करून लिहा आणि पाठवा. पक्षी नाहीत म्हणून तलाव यादीतून गाळला, तर तिथे पूर्वी काय होतं आणि ते कधी गेलं हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच तलावांची. खोलीकरणाच्या नावाखाली जेसीबी लावून काठ उभा कापलेला तलाव मी बघतो तेव्हा पोटात कालवतं. गाळ काढायला माझा विरोध नाही, तो गाळ शेतात पडतो, शेतकऱ्याला त्याचा उपयोग आहे आणि तलावातही पाणी जास्त मावतं. पण काठ उतरता ठेवायचा असतो. उभ्या कापलेल्या काठाला उथळ पाणीच राहत नाही. शेकाट्याला उभं राहायला जागा नाही, कमळ-शिंगाड्याला मूळ धरायला जागा नाही, आणि तीच उथळ जागा कित्येक माशांच्या अंडी घालण्याची असल्यामुळे ढिवरांचंही नुकसान. पाहणीच्या फेरीत अशा गोष्टी दिसतील : कापलेला काठ, बेशरमाने गिळलेला कोपरा, पसरलेली जलकुंभी, तलावाच्या पोटात सरकत आलेलं अतिक्रमण. त्यांचे फोटो तारखेसह ठेवा. गणनेच्या दिवशी डोळा पक्ष्यांवर असतो, हे बघायला सवड नसते.

पाहणी करताना एक पथ्य मात्र पाळा. पट्टकादंब किंवा कलहंसांचा थवा दिसला तर त्याच संध्याकाळी ठिकाणासकट सगळीकडे टाकू नका. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यांच्या गाड्या काठापर्यंत येतात, उडत्या थव्याच्या फोटोसाठी थवा मुद्दाम उठवला जातो, आणि गणनेपर्यंत तो तिथे राहत नाही. शिकाऱ्यांनाही मोबाइल वाचता येतो. ड्रोन तर आणूच नका. काठाशी कुठे विस्कटलेली पिसं, जाळ्याचे उभे खुंट किंवा संशयास्पद टाकलेले दाणे दिसले तर वन विभागाला लगेच कळवा.

संयोजकांनाही याच पत्रातून सांगतो. तलावांचं वाटप डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करा. तोच तलाव त्याच गटाला वर्षानुवर्षं द्या. नवेगावबांधला जायला सगळेच तयार असतात, जंगल आहे, राहायची सोय आहे. पण गावामागच्या बिननावाच्या बोडीला कोणी वाली नसतो. निदान प्रत्येक गटाला एका मोठ्या तलावाबरोबर दोन बोड्या द्या. आणि गावातल्या शाळेतली नववी-दहावीची दोन मुलं, मासेमारी संस्थेचा एक माणूस गटात घ्या. त्यांना पक्ष्यांची पुस्तकी नावं येत नसतील, ती दोन तासांत येतात. तलाव मात्र दोन तासांत येत नाही. गणना झाल्यावर त्यांच्या तलावाचा आकडा त्यांना कळवा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. हे आजवर फार कमी ठिकाणी झालं आहे. आपण माहिती घेऊन जातो आणि गावाला शेवटपर्यंत कळत नाही, की आपल्या तलावावर काय मोजलं गेलं.

कामाच्या माणसांना रजा मिळत नाही, नागपूरहून दोनदा येणं खर्चाचं आहे, हे मला कळतं. ज्यांना जमणार नाही त्यांनी आपल्या तलावाच्या गावात एक ओळखीचा माणूस तरी धरावा आणि गणनेच्या आठवडाभर आधी फोनवर त्याला विचारावं : पाणी किती आहे, जाळं कधी पडणार, पक्षी कुठे बसतात. तेवढ्यानेही फरक पडेल.

अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, साकोली या पट्ट्यात जे येणार असतील त्यांनी डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातला कुठलाही दिवस धरावा. आठनंतर या, तोवर धुकं असतं. चिखलात चालतील असे जोडे, टोपी आणि पाणी आणा. वाटा दाखवायला माणूस लागला तर संयोजकांकडे तसं सांगून ठेवा, आम्ही इथले चार-पाच जण तयार आहोत. पाळीवर चहाची सोय होते, आणि चुरणे चालू असलं तर जेवल्याशिवाय कोणी जाऊ देत नाही.

आपला,
गोंदिया जिल्ह्यातल्या तलावांवर पक्षी मोजणारा एक गावकरी